जंतू जगले पाहिजेत!

…नाही, तुम्हीच सांगा मला, ज्या माणसाने उभी हयात जंतू मारण्यात घालवली, खांद्यावर पंप, तोंडाला फडका, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एक गटार सोडलं नाही, एक डबकं सोडलं नाही, ज्याच्या घामालासुद्धा औषधाचा वास यायचा, त्या माणसाला रिटायर झाल्यावर भर सभेत उभं करून सांगायचं, की बाबा रे, आजपासून तू जंतू सांभाळ? आणि सांभाळ म्हणजे कसं, तर त्यांना जेवू घाल, त्यांना हवा दे, त्यांचं दुखलंखुपलं बघ! पोटच्या पोरांचं करत नाही हो कोणी एवढं! पण नियम! नियमापुढे कोणाचं चालतं? आणि नियम म्हणतो, जंतू जगले पाहिजेत!

हा माणूस म्हणजे आमच्या तळमजल्यावरचा दत्ताराम घाडी. मालवणकडचा. मलेरिया खात्यात औषध मारता मारता मुकादम झाला आणि मुकादम म्हणूनच रिटायर झाला. फंड मिळाला, त्यात लालबागची चाळीतली खोली विकली आणि मुलुंडला आमच्या सोसायटीत घर घेतलं. मुलुंड म्हणजे पार पूर्वेला हं, गव्हाणपाडा सोडून पुढे, जिथे रिक्षावाला म्हणतो 'उधर नहीं जाएगा' तिथे. गच्चीवर उभं राहिलं की मिठागरं दिसतात, त्यापलीकडे खाडी. हवा झकास! पण तुम्हाला सांगतो, त्या वेळी, म्हणजे सत्त्याऐंशी साल, तिथे म्युनिसिपालटीची गटाराची लाइन आलेली नव्हती. नळ होता, वीज होती, लाइन नव्हती. म्हणजे पाणी आत यायची सोय, बाहेर जायची नाही! मग बिल्डरला परवानगी देताना अट घातली, की तुझ्या इमारतीचा मैला तूच साफ कर, आणि साफ पाणी नाल्यात सोड.

बिल्डरने केलं की हो! इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून, जमिनीत दोन मोठ्या टाक्या बांधल्या, एक मशीन बसवलं हवा मारायचं, त्याला म्हणतात ब्लोअर, नारळ फोडला, पेढे वाटले, आणि गेला. जो गेला तो गेला. मशीन कसं चालवायचं हे त्याने कोणाला सांगितलं नाही आणि आम्ही कोणी विचारलं नाही. आम्हाला वाटलं पाण्याची जादा टाकी आहे. एका बाईंनी त्यावर पापड वाळत घातले होते, खोटं नाही सांगत!

आता इकडे भोपाळ होऊन गेलेलं. सरकार खडबडून जागं झालेलं, नवा कायदा आलेला, आणि प्रदूषण बोर्डाचे साहेब लोक जे एरवी कारखान्यांच्या मागे असायचे ते जरा आजूबाजूलाही बघायला लागले. तर ऐन श्रावणात एक साहेब आले. कांबळे. सहदेव कांबळे. बारीकसे, शांत, हातात काचेच्या बाटल्यांची पेटी. सरळ इमारतीमागे गेले, आमचं पाणी जिथे नाल्यात पडतं तिथे वाकले, बाटली भरली, बूच लावलं. आमचे चेअरमन माणिकलालभाई धावत गेले चहा घेऊन. साहेब म्हणाले, "चहा नको. टाकी कोण चालवतं?" माणिकलालभाई म्हणाले, "टाकी चालते?"

झालं! नोटीस आली. पाणी नापास. तीन महिन्यांत प्लँट नियमाप्रमाणे चालू करा, नाहीतर नळजोडणी तोडण्याची शिफारस आणि कमिटीवर खटला. नळ तुटणार म्हटल्यावर सोसायटीची सभा भरली आणि तुम्हाला सांगतो, ज्या सभेला एरवी चेअरमन आणि त्यांचं कुत्रं एवढीच हजेरी असते, तिथे उभं राहायला जागा नाही! पण 'हे काम कोण बघणार' असं विचारल्याबरोबर प्रत्येकाला आपल्या चपलेत काहीतरी अडकलंय असं वाटायला लागलं. सगळे खाली बघतायत. आणि माणिकलालभाईंनी काय करावं? बोट केलं दत्तारामकडे. "अरे, दत्तारामभाय तर जंतूचाच माणूस हाय! तीस वरस जंतूमंदी काढला! आपल्या घरात एक्सपर्ट हाय आणि आपण बाहर शोधते?" टाळ्या! दत्ताराम उठला, छाती पुढे, आणि म्हणाला, "काळजी नको. एक जंतू शिल्लक ठेवणार नाही." आणखी टाळ्या!

आणि दुसऱ्या दिवशी हा गडी खाकी कपडे घालून, कुठूनतरी जुना पंप पैदा करून टाकीवर उभा! दोन फवारे मारले असतील नसतील, तोच कांबळे साहेब समजावून सांगायला आलेले, त्यांनी लांबून बघितलं आणि ते धावत सुटले. शांत माणूस हो, पण ओरडले! "काका! काका, थांबा! काय करताय? माराल त्यांना!"

दत्तारामला वाटलं टाकीत माणूस उतरलाय. हातातला पंप टाकला आणि वाकून बघतोय आत.

मग साहेबांनी त्याला कठड्यावर बसवलं आणि सांगितलं. की काका, हा प्लँट म्हणजे दुसरं काही नाही, जंतूंचं घर आहे. आपण जी घाण सोडतो ती ते खातात. त्यांना हवा लागते, म्हणून मशीन. खाऊन खाऊन जड झाले की दुसऱ्या टाकीत तळाशी बसतात, वर निवळ राहते, ती नाल्यात जाते. तळाचे पुन्हा पहिल्या टाकीत आणायचे, की पुन्हा जेवायला बसले. बस. पाणी साफ करणारे तुम्ही नाही, मी नाही, ते आहेत. दत्तारामने सगळं ऐकून घेतलं. आणि मग विचारलं, "म्हणजे साहेब, मी जंतू पाळायचे?" साहेब म्हणाले, "हो काका. काहीही झालं तरी जंतू जगले पाहिजेत."

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी तो माणूस दुपारभर गॅलरीत बसून होता. विचार करा ना! खाटकाला सांगितलं, गोशाळा सांभाळ! त्याचं मन कसं झालं असेल? पण एक होतं. दत्ताराम कामाचा पक्का. खात्याने औषध मार म्हटलं तेव्हा मारलं, आता पाळ म्हणतायत तर पाळू.

आता पाळायचे तर आधी आणायचे कुठून? साहेब म्हणाले, शेण टाका, आणि एखाद्या चालू प्लँटमधला गाळ आणा. दत्ताराम घरी येऊन बायकोला म्हणाला, "जानकी, विरजण आणूचा लागतला." ती म्हणाली, "कालच लावलंय." तो म्हणाला, "तसला न्हय गो." आणि निघाला. तबेल्यातून हातगाडीभर शेण आणलं तर गेटवर बायकांनी घेरलं, दत्तारामभाऊ, जरा तुळशीपुरतं द्या, जरा आमच्या सासूबाईंना गोवऱ्या हव्यात! अर्धं शेण तिथेच गेलं! मग भांडुपच्या एका कारखान्यातल्या प्लँटमधून दुधाचा कॅन भरून गाळ आणला. रिक्षात मांडीवर कॅन. रिक्षावाला आरशातून बघतोय, नाक मुरडतोय. "क्या है काका, दूध फट गया क्या?" दत्ताराम म्हणाला, "नहीं. दही जमाना है." रिक्षावाल्याने त्या दिवसापासून मुलुंडात दही खाल्लं असेल असं मला वाटत नाही!

टाकीत ओतलं. मशीन सुरू केलं. घर्रर्रर्र! पांढरा फेस आला, साबणाच्या पाण्यासारखा, ढीगच्या ढीग, भिंतीवरून पलीकडे उडतोय. माणिकलालभाई म्हणाले, "वाट लागली!" साहेब म्हणाले, "चांगलं लक्षण आहे, लहान आहेत अजून." लहान आहेत! बारसं जेवायला बोलवायचं तेवढं राहिलं होतं!

आणि मग हो सुरू झालं खरं दुखणं. मशीन चालायचं दिवसरात्र. बंद पडलं की हवा बंद, हवा बंद की ते गुदमरणार. पण आमची माणसं! पहिल्या मजल्यावरच्या विमलाबाईंना दुपारी डोळा लागत नाही, त्या खाली येऊन बटण बंद करणार. रविवारी सकाळी टीव्हीवर काही असलं की ऐकू येत नाही म्हणून कोणीतरी बंद करणार. कोणाकडे पाहुणे, बंद कर. कोणाचा अभ्यास, बंद कर. दत्ताराम धापा टाकत यायचा, बटण लावायचा, वर बघून ओरडायचा, "अरे, जिवंत आहेत रे आत! तुमचं कोणी नाक दाबलं तर चालेल काय?" वरून आवाज, "काका, जंतू आहेत ते!" "मग? जंतू झाले म्हणून काय झालं? नियम काय म्हणतो? जंतू जगले पाहिजेत!" शेवटी त्याने बटणाच्या पेटीला कुलूप लावलं आणि चावी जानव्याला… नाही हो, जानवं कुठलं, करगोट्याला बांधली!

पण महिन्याभरात काय झालं ते सांगतो. टाकीतलं पाणी तपकिरी झालं. छान, चॉकलेटसारखं. वास गेला, म्हणजे घाणीचा गेला, आणि सारवलेल्या खळ्याचा येतो ना, तसा यायला लागला. दत्ताराम रोज सकाळी काचेच्या बरणीत पाणी भरून कठड्यावर ठेवायचा आणि गाळ खाली कसा बसतो ते बघत बसायचा. चहा तिथेच. पेपर तिथेच. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "बघ, बघ, कसे बसले शहाण्यासारखे." खरं सांगायचं तर वेड लागलं होतं त्याला! कांबळे साहेब येऊन बघून गेले, म्हणाले, "काका, असंच चाललं तर पास."

आणि इथे आडवं आलं फिनेल.

फिनेल, ॲसिड, जंतुनाशक, यातलं काहीही संडासात आणि मोरीत टाकायचं नाही, हा पहिला नियम. का, तर ते पाइपातून थेट टाकीत जातं आणि जातं ते त्या बिचाऱ्यांच्या जिवावर. दत्तारामने फलक लावला, घरोघर सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. पण स्वतःच्या घरात? तिथे सांगायची त्याची जीभच वळेना हो. कारण जानकी.

जानकीचं फिनेल म्हणजे… हे हसण्यासारखं नाही, म्हणून सरळच सांगतो. लालबागला चाळीत असताना त्यांना एक मुलगी होती. शकु. तीन वर्षांची. एका पावसाळ्यात चाळीत जुलाब-उलट्यांची साथ आली, सार्वजनिक नळाच्या पाण्यात काही गेलं म्हणे, आणि शकु दोन दिवसांत गेली. पुढे दोन मुलगे झाले, मोठे झाले, नोकऱ्यांना लागले. शकुबद्दल घरात कोणी बोलत नाही. पण त्या दिवसापासून जानकी रोज सकाळ-संध्याकाळ घर फिनेलने पुसते. मोरी दोनदा. संडास तीनदा. त्यांच्या दारावरून गेलं की डोळे चुरचुरतात. आणि दत्ताराम त्याच वर्षी आधीची नोकरी सोडून मलेरिया खात्यात लागला होता, हे पण तुम्हाला सांगून ठेवतो.

तर शेवटी एकदा धीर करून म्हणाला तो. "जानकी, फिनेल बंद करूचा लागतला गो."

ती पोळपाटावरून वर बघेचना. "कोण म्हणता?"

"नियम म्हणता."

"नियमाक पोरां आसत काय?" एवढंच म्हणाली ती. वर म्हणाली, "आज फिनेल बंद, उद्या म्हणशात आंघोळ बंद. तुमका जंतू पाळूचे आसत तर पाळा. माझ्या घरात न्हय."

दत्तारामने विषय सोडला. एका घरच्या फिनेलने काय होतंय, अशी मनाची समजूत घातली. पण तुम्हाला सांगतो, दिवाळी आली! दिवाळीची साफसफाई! प्रत्येक घरात जाळ्या काढल्या, डबे घासले, आणि माना डोलावणाऱ्या झाडून सगळ्या घरांनी लपवलेल्या बाटल्या काढल्या. कोणी फिनेल, कोणी ॲसिड, विमलाबाईंनी तर म्हणे दोन्ही, एकावर एक! संडास आरशासारखे चमकायला लागले. आणि नरकचतुर्दशीच्या सकाळी, अभ्यंगस्नान करून, नवा सदरा घालून, दत्ताराम बरणी घेऊन टाकीवर गेला, तर टाकी काळी पडलेली. अंडं कुजल्यासारखा वास. मशीन चालू होतं, घर्रर्र घर्रर्र, हवा चालली होती, पण घेणारं कोणी नव्हतं. बरणीत पाणी भरलं, ठेवलं, वाट बघितली. काही बसेना. राखेसारखं नुसतं तरंगतंय.

घरी आला. फराळाचं ताट पुढे आलं तर म्हणाला, नको.

जानकीने विचारलं, "काय झाला?"

"मेले."

"कोण मेले?"

"जंतू. सगळे."

आता तुम्ही हसाल, कोणीही हसेल, तीही हसली. "जंतू मेले म्हणान कोण सुतक धरता काय?" पण तो हसेना. नवा सदरा काढून खुंटीला लावला आणि म्हणाला, "अगो, ते होते तोपर्यंत आमची घाण खायत होते. आता कोण खातला? आता ती तशीच जातली."

"खंय जातली?"

"नाल्यात."

"आणि नाल्यातून?"

आता खरी गोष्ट अशी, की इतके दिवस तो टाकीत बघत होता, बरणीत बघत होता, भिंतीपलीकडे त्याने कधी डोकावलं नव्हतं. आम्ही तरी कोणी डोकावलं होतं? भिंत त्याच्यासाठीच असते!

तेव्हा पाडव्याला सकाळी ती दोघं निघाली. जानकी नव्या लुगड्यात, कारण सण होता. भिंतीला वळसा घालून नाल्याच्या कडेकडेने खाली गेली. तिथे झोपड्या. पंधरा-वीस असतील. आमचं पाणी पडतं त्याच्या जरा खाली एक दगड टाकलेला, त्यावर एक बाई गोधडी धूत होती. शेवंती तिचं नाव, नंतर आमच्या चांगल्या ओळखीची झाली. हे दोघं बिल्डिंगमधले बघून तिने हात थांबवले आणि म्हणाली, "तुम्ही वरचे ना? काय केलं हो तुम्ही?"

दत्ताराम म्हणाला, "काय केलं?"

"मधी महिनाभर बरं पाणी येत होतं की! आम्ही म्हटलं, देव पावला. भांडी घासायला घेत होतो. आता दोन दिवस झाले, परत तेच. वास तर बघा! टँकर येतो आठवड्याला, तो पुरतो का? सांगा की वरच्यांना, काय करत होते मधी, तेच करा म्हणावं!"

आणि तिच्या मागे तिची पोरगी बसली होती. पाण्यात हात घालून, चिखलाचे लाडू वळत होती, दिवाळीचे. एक लाडू तिने जानकीपुढे धरला.

जानकीने घेतला तो. हातात चिखलाचा लाडू, अंगावर नवं लुगडं, अशी ती घरापर्यंत आली. घरात शिरली, पलंगाखालून फिनेलच्या बाटल्या काढल्या, सात की आठ, सगळ्या कवेत घेतल्या आणि तरातरा मोरीकडे निघाली ओतायला! दत्ताराम जिवाच्या आकांताने ओरडला, "मोरीत नको गो! मोरीत नको!"

खरंच की! मग टाकायचं कुठे? मोरीत टाकलं तर टाकीत. गटारात टाकलं तर नाल्यात. जमिनीत टाकलं तर विहिरीत. माणसाने एवढं विष करून ठेवलंय आणि ते ओतायला जगात जागा नाही! शेवटी बाटल्या नेऊन ठेवल्या सोसायटीच्या ऑफिसात, कपाटाखाली.

आणि मग सुटली ती जानकी! दत्ताराम सांगून सांगून थकला होता ना, तो 'कृपया' म्हणायचा, ती कृपया वगैरे भानगडीत पडली नाही. दारात उभी राहायची आणि नुसता वास घ्यायची. आयुष्य फिनेलमध्ये गेलेलं, तिला कोण फसवणार? "काढ. मागे आसा, पिपाच्या मागे. काढ." विमलाबाई म्हणाल्या, "अहो, मग संडास धुवायचा कशाने?" "खराट्यान! कढत पाणी आणि खराटो! हात झडले काय?" माणिकलालभाईंच्या घरी तुपाच्या डब्यात लपवलेलं निघालं. माणिकलालभाई हात जोडून म्हणतात, "बेन, थोडासा मेहमानसाठी…" "मेहमान आसात तर त्येंका भायेर पाठवा!" चार दिवसांत ऑफिसात एवढ्या बाटल्या जमल्या, की कमिटीची मीटिंग जिन्यात घ्यायला लागली. आणि प्रत्येक घरातून निघताना, दारातून वळून, बोट रोखून, ती बाई, जी सकाळ-संध्याकाळ जंतू मारायची ती बाई, काय म्हणायची? "ध्यानात ठेवा! जंतू जगले पाहिजेत!"

पुन्हा भांडुपला गाळ. पुन्हा दुधाचा कॅन. पुन्हा शेण, या वेळी तुळशीला एक मूठ मिळाली नाही कोणाला, गाडीबरोबर जानकी होती! पुन्हा फेस. दिवस जात होते, मुदत संपत आली होती, आणि दत्तारामला जेवण जाईना. बरणी घेऊन कठड्यावर. आज नाही. उद्या नाही. जानकी येऊन शेजारी बसायची. दोघं बरणीकडे बघतायत. एकदा तिने हळूच विचारलं म्हणे, "तेंका काय दिसता काय हो आतून?" तो म्हणाला, "खुळी आसस." मग थोड्या वेळाने म्हणाला, "माका ठाऊक नाय."

आणि एक दिवस बसला. गाळ बसला! वर एवढी निवळ, की बरणीपलीकडचं पेपरातलं बारीक अक्षर वाचता येत होतं.

कांबळे साहेब आले, वाकले, बाटली भरली. तपासणीला पाच दिवस लागतात. त्या पाण्याला किती हवा लागते ते मोजतात, घाण जास्त तर हवा जास्त. ते पाच दिवस सोसायटीत कोणी मोठ्याने बोललं नाही. सहाव्या दिवशी साहेब स्वतः आले सांगायला. पास! नुसतं पास नाही, साहेब म्हणाले, "काका, मोठमोठ्या कारखान्यांचे प्लँट असे चालत नाहीत." माणिकलालभाईंनी पेढे वाटले आणि भाषण केलं, त्यात 'मी' हा शब्द किती वेळा आला ते सोडा. दत्ताराम उठलाच नाही. जानकीने दोन पेढे पदरात घेतले आणि भिंतीला वळसा घालून गेली खाली, शेवंतीच्या पोरीकडे.

वर्षभर चाललं हो! झकास चाललं! ठाणे, बोरीवली, कुठकुठले सेक्रेटरी बघायला यायचे. दत्ताराम बरणी दाखवायचा. खाली झोपड्यांत त्या साली पावसाळ्यात साथ आली नाही. आता ती प्लँटमुळे आली नाही का आपली आली नाही, हे कोण सांगणार, पण आली नाही.

आणि मग एके दिवशी रस्ता खणला. आम्हाला वाटलं टेलिफोनवाले. नाही! गटाराची लाइन! इतकी वर्षं जिची वाट बघितली ती लाइन! माणिकलालभाईंनी हार घातला खड्ड्यातल्या माणसाला! आणि चार दिवसांनी कांबळे साहेब आले. या वेळी पेटी नव्हती हातात. कठड्यावर बसले. चहा घेतला, पहिल्यांदाच. म्हणाले, "काका, नियम असा आहे, की जिथे लाइन आली तिथे तिला जोडून घ्यायचं. सक्तीचं आहे. खासगी प्लँट बंद करायचा, टाकी रिकामी करून बुजवायची."

दत्ताराम म्हणाला, "पास आहे तरी?"

"पास आहे तरी."

"आणि लाइनीतलं पाणी पुढे खंय जातं?"

साहेबांनी चहाचा घोट घेतला. "ते माझ्याकडे नाही काका. ते दुसरं खातं."

दत्तारामने बरणी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाला, "बरं. आणि जंतूंचं काय करायचं? त्यांच्याबद्दल काय म्हणतो नियम?"

कांबळे साहेब चांगला माणूस. खोटं बोलला नाही. म्हणाला, "त्यांच्याबद्दल नियमात काही नाही काका."

तुम्हाला सांगतो, दत्ताराम भांडला नाही. ओरडला नाही. रविवारी टाकी बुजवायची ठरलं, तेव्हा शनिवारी त्याने एक मोठी बादली घेतली, टाकीतून भरली, आणि निघाला. नाल्यापलीकडे एक नवी सोसायटी झालेली, त्यांना लाइन अजून दीड वर्ष तरी मिळणार नव्हती, आणि त्यांची टाकी तशीच जंतूंवाचून पडून होती हे याने बघून ठेवलेलं. ऊन हे असं. एका हातात बादली, एका हातात काठी, दहा पावलं चालला की बादली खाली ठेवून ढवळतोय, हवा लागली पाहिजे ना! असा करत करत गेटवर पोचला. तिथे नवाकोरा वॉचमन. त्याने बादलीत बघितलं, दत्तारामकडे बघितलं, आणि पाटीवर काठी आपटली. 'फेरीवाल्यांना मनाई आहे.'

"काय विकायला आणलंय?"

"विकायला नाही रे बाबा," दत्ताराम म्हणाला. "फुकट द्यायला आणलंय."

वॉचमन म्हणाला, "फुकट? मग तर आत सोडायचं नाही, अशी खास ऑर्डर आहे."

बसला मग तिथेच फुटपाथवर, बादली पुढ्यात घेऊन, सेक्रेटरी येईपर्यंत, ढवळत.